क्लचचा उंबरठा : लूनापासून स्वयंचलित क्रूझरपर्यंत

१/ होंडाची ‘रेबल ११००’ ही १,०८३ सीसीची क्रूझर २०२१ पासून परदेशातील रस्त्यांवर धावते आहे. तिच्या एका प्रकारात डाव्या हाताला क्लच नाही आणि डाव्या पायाला गिअर नाही. ती प्रथमच चालवणाऱ्यांच्या अनुभवांत एक वाक्य फिरून फिरून येते : सिग्नलला थांबताना डाव्या हाताची बोटे हवेत काहीतरी शोधत राहतात. हे वाचताना मला आमच्या कुरुंद्यातील एक जुनी स्कूटर आठवली. आजचा थ्रेड त्या शोधणाऱ्या बोटांच्या इतिहासावर.

२/ आधी हे अनुभव नीट पाहू. पहिल्या दिवशी स्वार बावरतो. दुसऱ्या दिवशी तक्रारी सुरू होतात : साध्या ‘डी’ मोडमध्ये गाडी फार लवकर वरचा गिअर घेते आणि इंजिन मंदावल्यासारखे वाटते. अरुंद जागेत वळताना हाफ क्लचचा आधार नसतो, मागच्या ब्रेकवर गाडी तोलायला शिकावे लागते. मग कधीतरी एखादा तासभर वाहतुकीत अडकतो, घरी येतो आणि डावे मनगट दुखत नसल्याचे त्याच्या लक्षात येते. तेथून मत बदलू लागते.

३/ यंत्रणा अशी. या पेटीत क्लच आहेत आणि तेही दोन. एका क्लचकडे १, ३, ५ हे गिअर, दुसऱ्याकडे २, ४, ६. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो त्याच क्षणी दुसरा धरतो. सारे काम तेलाचा दाब आणि संगणक करतात. इंजिन बंद केल्यावर अशी गाडी गिअरमध्ये अडकवून ठेवता येत नाही, म्हणून तिला स्वतंत्र पार्किंग ब्रेक द्यावा लागतो. वजनही सुमारे १० किलोंनी वाढते.

४/ यावर नेहमीचा आक्षेप : ‘मग ती मोटारसायकल कसली? चालवण्याचे कौशल्य कुठे गेले?’ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक साधा प्रश्न विचारावा : कोणत्या काळातील कौशल्य? १९१० च्या दशकातील अनेक गाड्यांवर स्वाराला चालता चालता हातपंपाने इंजिनला तेल द्यावे लागे आणि ठिणगी केव्हा पडावी हे लिव्हरने ठरवावे लागे. ती दोन्ही कौशल्ये लोपली. त्यांच्यासाठी आज कोणी हळहळत नाही.

५/ हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांवर पायाने गिअर टाकण्याची सोय १९५२ मध्ये आली. त्याआधी गिअर हाताने आणि क्लच पायाने चाले. आपल्याकडे बुलेटचा गिअर कित्येक दशके उजव्या पायाशी होता. तो डावीकडे गेल्यावर जुन्या बुलेटवाल्यांनी ब्रेक समजून गिअर दाबल्याचे किस्से गावोगाव ऐकू येतील. ज्याला आपण ‘अस्सल’ म्हणतो, ती पुष्कळदा आपल्या पिढीच्या हातापायांना लागलेली सवय असते.

६/ क्लच हटवण्याची कल्पनाही नवी नाही. १९५८ मध्ये होंडाने ‘सुपर कब’ आणली. तिला गिअर होते, पण क्लच आपोआप काम करी. सोबा शेवयांची ताटे घरोघरी पोहोचवणाऱ्या मुलाला ती एका हाताने चालवता यावी, ही सोइचिरो होंडा यांची अपेक्षा प्रसिद्ध आहे. २०१७ पर्यंत या मालिकेतील १० कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. दुसरा हात मोकळा असणे ही त्या पोऱ्यासाठी चैन नव्हती, ती त्याच्या पोटापाण्याची गरज होती.

७/ मोठ्या मोटारसायकलींवर मात्र हीच कल्पना पुनःपुन्हा अपयशी ठरली. १९७५ ची मोटो गुझी ‘व्ही १००० आय-कन्व्हर्ट’, १९७६ ची होंडा ‘सीबी ७५० ए’, १९७९ ची क्रूझर वळणाची ‘सीएम ४०० ए’, २००८ ची ‘डीएन-०१’ : एकही फार टिकली नाही. २०१० च्या ‘व्हीएफआर १२००’ पासून दुहेरी क्लच आला आणि तेव्हा कुठे पाय रोवले गेले. गरजेच्या गाडीत जे सहज स्वीकारले गेले, ते हौसेच्या गाडीत पन्नास वर्षे अडले. हौसेच्या गाडीत ‘मला जमते’ हे दाखवण्यालाही मोल असते.

८/ आता महाराष्ट्रात येऊ. १९७२ मध्ये अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) कायनेटिक इंजिनिअरिंगने ‘लूना’ आणली. ५० सीसीची, पायडल असलेली, गिअर नसलेली. संस्थापक ह. क. फिरोदिया स्वातंत्र्यसैनिक होते. त्याच वर्षी आलेल्या बजाज ‘चेतक’ची मात्र ऐट निराळी : डावी मूठ क्लच दाबून फिरवायची, की गिअर पडे. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. एकाच वर्षात जन्मलेल्या या दोन गाड्यांनी घरातली माणसे नकळत दोन गटांत वाटली. चेतक बहुधा वडिलांची. लूना आई, आजोबा, कॉलेजची मुलगी यांपैकी कोणाचीही.

९/ १९८४ मध्ये कायनेटिक आणि होंडा एकत्र आल्या. मध्य प्रदेशातील पीथमपूरच्या कारखान्यात ९८ सीसीची ‘कायनेटिक होंडा’ तयार होऊ लागली. बटण दाबले की सुरू, मूठ पिळली की चालू. आत दोन पुली आणि एक पट्टा : वेग वाढला की गोल रोलर बाहेर सरकतात, पुली आवळते आणि पट्टा वर चढतो. गिअरच्या पायऱ्या नाहीत, सलग चढण आहे. उद्योगाचे नेतृत्व तेव्हा अरुण फिरोदिया करत होते.

१०/ अशीच एक जुनी कायनेटिक होंडा १९९६ मध्ये नांदेडहून आमच्या घरी आली. हिंगोली जिल्हा तेव्हा झालेला नव्हता (तो १ मे १९९९ रोजी झाला). कुरुंदा, वसमत तालुका, जिल्हा परभणी असा पत्ता होता. गाडी माझ्या आत्याची. ती शेजारच्या गावी शाळेत शिकवायची. लहानपणीच्या पोलिओमुळे तिचा डावा पाय अधू होता. किक मारणे कठीण, डाव्या पायाने गिअर टाकणे अशक्य. मागच्या चाकाला दोन जोडचाके लावून घेतली आणि ती निघाली.

११/ पारावर हसू झाले. ‘ही काय गाडी? नुसती मूठ पिळायची!’ आत्या सांगते, हसण्याचे तिला फारसे काही वाटले नाही. एसटीची वाट पाहणे आणि भावाला ‘सोडतोस का’ म्हणून विचारणे, या दोन गोष्टी त्या दिवशी संपल्या, एवढेच तिला आठवते. मागच्या दिवाळीत मी तिला रेबलचा व्हिडिओ दाखवला. तिने तो शांतपणे पाहिला आणि म्हणाली, ‘अरे, ही तर माझीच गाडी की! जरा अंगानं भरलीय, एवढंच.’

१२/ तेव्हा माझ्या लक्षात आले की आत्याची बोटे कधीच हवेत काही शोधत नव्हती. शोधतात ती ज्यांना क्लच आधीपासून ठाऊक आहे त्यांची. स्वयंचलित गाड्यांविषयी आपण जे अनुभव वाचतो, ते बहुतांशी आधीच उंबरठ्याच्या आत असलेल्यांचे असतात. म्हणून त्यांचा सूर ‘काय गमावले’ असा लागतो. ज्यांनी गिअर कधी हाताळलाच नाही आणि तरीही रस्ता मिळवला, त्यांचे मत कोणी नोंदवून ठेवले नाही. साधनांमध्ये कोणाचा आवाज नाही हे तपासणे, हे आमच्या विषयातील पहिले शिक्षण.

१३/ हा भेद कायद्यातही उतरला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १० मध्ये परवान्याचे ‘विना गिअर मोटारसायकल’ आणि ‘गिअरसह मोटारसायकल’ असे स्वतंत्र वर्ग आहेत. विना गिअर म्हणजे लहान, मोपेड-स्कूटर, ही त्या काळाची समजूत. सहा गिअर असूनही हातापायाला एकही न जाणवणारी हजार सीसीची गाडी त्या समजुतीत कुठे बसवायची?

१४/ दुसरी बाजूही मांडायला हवी. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीच्या चिखलातून गाडी काढताना हाफ क्लचचा उपयोग खरा आहे. बॅटरी बसली तर गिअरची मोटारसायकल धक्का मारून चालू होते. आत्याची स्कूटर होत नसे, आणि दुहेरी क्लचची क्रूझरही होणार नाही. पट्टा तुटला की नांदेडहून येईपर्यंत गाडी अंगणात. सोय वाढते तसे दुरुस्तीवरचे परावलंबन वाढते. हा आक्षेप मला मान्य आहे. ‘ही खरी गाडीच नव्हे’ हा आक्षेप मात्र निराळा आहे आणि तो मान्य नाही.

१५/ शेवट इतिहासानेच केला. १९९८ मध्ये होंडा कायनेटिकपासून वेगळी झाली. २००१ मध्ये तिची ‘ॲक्टिव्हा’ आली आणि विना गिअर स्कूटर घराघरांत पोहोचली. २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर सोडत असल्याचे जाहीर केले. २०२० मध्ये चेतक परतली ती विजेवर. डाव्या मुठीतले गिअर तिच्यात नव्हते. २०२४ मध्ये लूनाही विजेवर आली. जिला एकेकाळी हसले, तिचीच रीत जिला मिरवले तिने उचलली.

१६/ एक विनंती. तुमच्या घरात लूना, कायनेटिक किंवा पहिली ॲक्टिव्हा चालवलेली आई, आत्या, आजी असेल तर तिला विचारा : पहिल्यांदा एकटी कुठे गेलीस? उत्तर तारखेसह लिहून ठेवा आणि जमल्यास खाली सांगा. इंजिनांचा इतिहास कंपन्या जपतील, हा आपल्यालाच जपावा लागेल. (समाप्त)