बांधावरचे झाड आणि सरकारचा हक्क

जमीन ज्याची त्याचेच तीवरील झाड, ही समजूत आज इतकी स्वयंसिद्ध वाटते की तिच्यामागे काही इतिहास असेल अशी शंकाही कोणाच्या मनास शिवत नाही. परंतु मराठेशाहीतील एखादी इनामाची सनद उघडून पाहिली, तर जमिनीच्या दानाबरोबर जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी व निक्षेप अशी जी रूढ मालिका तीत आढळते, तिच्यावरून झाड हे जमिनीहून निराळे द्रव्य मानले जाई आणि नावानिशी दिल्यावाचून ते दिले गेले असे कोणी धरीत नसे, हे ध्यानात येते. बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या रस्त्यावरील निमगाव केतकीच्या शिवारात या निराळेपणाचा पडताळा विशेष चांगला येतो; कारण ज्या जमीनमोजणीने पुढे साऱ्या मुंबई इलाख्याचा महसूल बांधला, तिचा पहिला प्रयोग याच इंदापूर तालुक्यात झाला.

त्या प्रयोगाकडे वळण्यापूर्वी रामचंद्रपंत अमात्यांचे स्मरण करणे अवश्य आहे. १७१५ च्या सुमारास त्यांनी रचलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी लाकडाचा प्रश्न निघाला आहे, आणि जहाजांस आंब्याफणसाचे लाकूड उपयुक्त असले तरी त्या झाडांस हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असे त्यांनी निक्षून बजावले आहे. एखादे झाड अगदीच जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर मात्र धन्याची समजूत घालून, त्यास द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने ते तोडावे. राज्याची निकड आणि धन्याचे मन ही दोन्ही एकाच वाक्यात तोलणारा हा मुत्सद्दी मला पुढच्या सर्व कायदेपंडितांहून थोर वाटतो. हुकूम गावोगाव कितपत पाळला गेला, हा प्रश्न अर्थात वेगळा.

पेशवाई बुडाल्यावर प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ ते १८३० या काळात रिकार्डोच्या अर्थशास्त्रास अनुसरून जी आकारणी केली, तिचे तत्त्व विद्वत्तापूर्ण असले तरी हाताखालचा अंमल सदोष निघाला. सारा जड झाला आणि इंदापुरासारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात शेतेच्या शेते ओस पडली. तेव्हा गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी इंजिनियर यांनी १८३५ पासून तालुका नव्याने मोजून, जमिनीची प्रतवारी आण्यांत लावून, उतरलेला सारा तीस वर्षांकरिता कायम केला. खातेदार स्थिर झाला. परंतु त्याच्या झाडांची स्थिती काय? १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने याचा खुलासा केला तो असा की, ज्या गावांची मूळ आकारणी आधीच पुरी झालेली आहे, तेथील खालसा जमिनीतील झाडांवरचा सरकारचा हक्क, मुद्दाम राखून ठेवलेली झाडे वगळता, खातेदारास सोडून दिला आहे असे समजावे. मात्र ती आकारणी १८६५ च्या जमीनमोजणी कायद्यापूर्वीची असेल, तर साग, शिसव आणि चंदन या तीन जातींस ही सवलत लागू नाही. इंदापूरची आकारणी १८३६ ची. जो तालुका सुधारणेत पहिला, तोच या सवलतीस मुकला.

साग आणि शिसव या कोरड्या मुलखात शोधूनही सापडावयाचे नाहीत, तेव्हा त्यांच्या बाबतीत ही वजाबाट कागदावरचीच राहिली असावी. चंदनाचे मात्र तसे नव्हे. पाखरांनी टाकलेल्या बियांतून ते बांधावर आपले आपण उगवते. म्हणजे पाखराने पेरलेले, शेतकऱ्याच्या बांधावर पोसलेले आणि मालकी सरकारची, असा तो त्रिविध व्यवहार होता. उलट ज्या झाडांवर गावाचा संसार खरोखर चाले, ती औताची व गाडीची बाभूळ आणि दारातला लिंब, ही या वजाबाटीत नव्हती. निमगाव केतकीच्या पानमळ्यांत नागवेलीला आधार म्हणून शेवरी, हदगा, पांगारा लावण्याची जी रीत, तीत तर झाड हे मळ्याचे एक अवजारच. ते वाढते, छाटले जाते, वेलीला सावली देते आणि वेळ झाली की निघते, आणि त्यासाठी अर्ज करावा असे बागाईतदाराच्या स्वप्नातही येत नाही.

स्वराज्यात या गुंत्याला दोन कायद्यांनी नवे रूप दिले. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाने आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, हिरडा, साग, चंदन आदी सोळा जातींची अनुसूची केली आणि त्या स्वतःच्या मालकीच्या असल्या तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून तोडू नयेत असे ठरविले. वठलेले, पडझड झालेले, जीवितास वा मालमत्तेस धोका करणारे झाड, तसेच ग्रामीण भागात सरपणास व शेतीच्या अवजारांस खरोखर लागणारे लाकूड, यांना मात्र त्याने वाट ठेवली. पुढे १९६६ च्या जमीन महसूल संहितेने धारण केलेल्या जमिनीतील झाडांचा हक्क धारकाकडे दिला, पण चंदन अनुसूचीत राहिलेच: मालकी मिळाली, कुऱ्हाड मिळाली नाही.

दुसरा कायदा १९७५ चा, नागरी क्षेत्रांपुरता. त्याने जातींचा भेद न करता खाजगी आवारातील झाडेही वृक्ष प्राधिकरणाच्या नजरेखाली आणली, दर पाच वर्षांनी त्यांची गणना सांगितली, आणि तोडलेल्या झाडाऐवजी दुसरे लावण्याचे बंधन मालकावर घातले. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडास प्राचीन वृक्षाचा दर्जा देऊन, तोडलेल्या झाडाचे वय जितके तितकी नवी झाडे लावण्याचा दंडक केला. परिणाम असा की, बारामती किंवा इंदापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील परसातला लिंब परवानगीचा विषय होतो, आणि ग्रामपंचायतीच्या निमगाव केतकीत त्याच वयाचा लिंब अनुसूचीत नसल्यामुळे १९६४ च्या कायद्याच्याही कक्षेबाहेर राहतो. लिंबाची मुळे दोन्हीकडे सारखीच खोल जातात. हद्दीचे दगड तेवढे निराळे. जातीवरून ठरविणे आणि हद्दीवरून ठरविणे या दोन्हींत मला अमात्यांची ती साधी विचारणा, झाड किती काळाने वाढले आणि ते कोणी वाढविले, हरवल्यासारखी वाटते; वयाचा हिशेब पुन्हा मांडणारी २०२१ ची दुरुस्ती त्या दृष्टीने जुन्याच्या अधिक जवळ येते, पण ती शहरापुरती.

तुकोबांच्या पालखीचा मुक्काम निमगाव केतकीत पडतो, आणि तो पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग म्हणून रुंद झाला आहे. अशा रस्त्यासाठी ज्याची जमीन संपादित होते, त्याला जमिनीचा मोबदला एका हिशेबाने आणि तीवरील झाडांचा दुसऱ्या हिशेबाने मिळतो: इमारती लाकडाचे मोल वनखात्याचे जाणकार ठरवितात, फळझाडांचे कृषिखात्याचे. सनदेतील तरु आणि काष्ठ हे दोन शब्द येथे दोन खात्यांत वाटले गेले आहेत.