शेरी आणि शेरा

गेली वीस वर्षे मी शाळेत पेपर तपासतो आहे. लाल शाईने एकदा शेरा लिहिला की तो कायमचा, ही आमची रीत. म्हणून दक्षिण स्पेनमधल्या हेरेस गावच्या परीक्षकांची हकीगत वाचनात आली तेव्हा मी मनातून जरा वरमलो.

हे गाव पांढऱ्या द्राक्षमद्याचे. अरबांच्या अमदानीत त्याचे नाव होते शेरीश. १२६४ साली दहाव्या आल्फोन्सो राजाने ते घेतले. राज्य गेले, पण नाव मद्याला चिकटून राहिले आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचे 'शेरी' झाले. १५८७ साली ड्रेकने कादिझ बंदरावर छापा घातला, तेव्हा या मद्याची सुमारे २,९०० पिंपे त्याने पळवली असे सांगतात.

मी काही ते चाखलेले नाही. मला कुतूहल वाटले ते त्याच्या प्रतवारीचे. पालोमिनो द्राक्षांचा रस आंबून झाला की कोठाराचा मुख्य कारभारी एकेका पिंपापाशी जातो. लवचीक दांडीला बसवलेला अरुंद पेला आत बुडवून तो मद्य काढतो आणि जिभेआधी नाकाला विचारतो. मग पिंपावर खडूने खूण करतो. एक तिरपी रेघ म्हणजे नाजूक. रेघेपुढे टिंब म्हणजे अंगाने जड. तीन म्हणजे भट्टीत घालण्याजोगे.

एका रेघेच्या मद्यात अल्कोहोल वाढवून ते १५ टक्क्यांवर आणतात. पिंप मुद्दाम थोडे रिकामे ठेवतात. मग वर यीस्टची पांढरी साय धरते. तिच्या पांघरुणाखाली मद्याची 'फिनो' होते. जड मद्य १७ टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून वर नेतात. तिथे साय जगत नाही. हवा लागून ते तपकिरी होते. तो 'ओलोरोसो'.

इथवर सारे आमच्या शाळेसारखेच. पण हा परीक्षक खडू घेऊन पुन्हा येतो. एखाद्या पिंपातली साय आपोआप विरलेली असते. वास नाजूक, अंग मात्र भरदार. तेव्हा तो आपलीच पहिली रेघ आडव्या रेघेने छेदतो. 'पालो कोर्तादो', म्हणजे छेदलेली काठी, हेच त्या दुर्मिळ मद्याचे नाव! परीक्षकाने बदललेला निकाल बाटलीवर मानाने मिरवतो.

आजकाल मद्यांना शंभरपैकी गुण देणारे पुष्कळ झाले आहेत. मला तो खडूच शहाणा वाटतो.

सहावीतल्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर मी एकदा लिहिले होते, 'भाषेत गती नाही.' परवा तो भेटला. माझ्या कादंबरीतली एक चूक त्याने अदबीने दाखवली, आणि ती खरोखरच चूक होती. ते प्रगतिपुस्तक त्याने अजून ठेवले आहे म्हणे. एकदा ते मागून घेणार आहे. त्या शेऱ्यावर एक आडवी रेघ ओढायची राहिली आहे.