मीराबेनची कुटी

हिंगण्याच्या शिवेपलीकडे वर्धा जिल्हा लागतो. कपाशीची काळी जमीन दोन्हीकडे सारखीच. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर मातीचे घर उभारून ते टिकविणे ही येथील कारागिरांची पिढीजात विद्या होय. तिला जगभर कीर्ती मिळाली ती सेगावच्या एका लहानशा कुटीमुळे. तिला आज बापूकुटी म्हणतात; परंतु ती बापूंसाठी बांधलेलीच नव्हती.

घरात कारागिराचा हात दिसावा, लाकूड व माती यांनी आपले मूळ रूप झाकू नये, हा विचार एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात जॉन रस्किन व विल्यम मॉरिस यांनी मांडला. अमेरिकेत गुस्ताव स्टिक्ली याने १९०१ साली ‘क्राफ्ट्समन’ हे मासिक काढले आणि उघड्या तुळयांच्या, रुंद ओसरीच्या घरांना तेच नाव पडले. मात्र साधेपणाचा हा संप्रदाय लवकरच धनिकांच्या दारी गेला. पासाडेना येथील गॅम्बल कुटुंबाच्या सुप्रसिद्ध घराला (१९०८-०९) सागवान लागले, ते ब्रह्मदेशचे!

रस्किनचे ‘अन्टु धिस लास्ट’ गांधीजींनी १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीत वाचले. ३० एप्रिल १९३६ रोजी ते सेगावात आले, तेव्हा घराविषयी त्यांची अट स्पष्ट होती: खर्च थोडा, सामान जवळपासचे आणि हात गावचे. ही अट प्रत्यक्षात उतरविण्याचे काम मुख्यतः मीराबेन यांनी केले. पूर्वाश्रमीच्या त्या मॅडेलीन स्लेड. ब्रिटिश आरमारातील ॲडमिरलच्या कन्या. पहिली वास्तू ‘आदिनिवास’. तिच्यात गांधीजी, कस्तुरबा, सहकारी, पाहुणे, सारे एकत्रच राहत, आणि गर्दी वाढतच होती.

मीराबेन यांनी स्वतःसाठी जवळच वेगळी कुटी बांधली. लाकडी खांब, बांबू, मातीच्या भिंती, वर कवेलू, खाली शेणाने सारवलेली भुई. खेड्यातील कोणत्याही घरात हेच सापडते. पण भिंत ओली असतानाच त्यांनी तीवर ताडाची झाडे, ॐ आणि चरखा उठविला. निराळा रंग नाही, निराळे सामान नाही. भिंतीच्याच मातीतून चित्र वर आले. क्राफ्ट्समन पंथाच्या आचार्यांना जे साधावयाचे होते, ते येथे विनासायास साधले, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढे गांधीजी याच कुटीत राहावयास आले आणि बांधणारीचे नाव मागे पडले. गावाचेही नाव बदलले. शेगावच्या नावाशी घोटाळा होऊन टपाल चुकू लागले, म्हणून १९४० साली सेगावचे सेवाग्राम झाले. व्हाइसरॉयांशी चाललेल्या वाटाघाटींची पत्रे याच सारवलेल्या भुईवर बसून लिहिली गेली.

पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानाने घर बांधावे, ही गांधीजींची सूचना लॉरी बेकर या तरुण इंग्रज वास्तुकाराने मनावर घेतली व पुढे केरळात शेकडो घरे त्या धोरणाने बांधली. गांधीजींनी ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्राम सोडले, ते पुन्हा परतले नाहीत. मीराबेन १९५९ साली भारतातून गेल्या आणि १९८२ साली ऑस्ट्रियात वारल्या. मातीच्या घराला मात्र डागडुजीवाचून गत्यंतर नसते. कवेलू फेरावे लागतात, भुई पुन्हा पुन्हा सारवावी लागते. सेवाग्रामात ते काम अजून चालू आहे.