विजारीची लांबी आणि बालपणाची मुदत

पोषाखाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं राजेरजवाड्यांच्या अंगरख्यांचें आणि स्त्रियांच्या वस्त्रालंकारांचें वर्णन मोठ्या हौसेनें केलेलें आढळतें. मुलांच्या कपड्यांकडे त्यांचें लक्ष क्वचितच जातें. वस्तुतः एखादा समाज बालपण कोठें संपलें असें मानतो, हें त्या समाजाच्या ग्रंथांपेक्षां मुलांच्या कपड्यांवरून अधिक स्पष्ट कळतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही सीमारेषा सुमारें ऐंशी वर्षें मुलांच्या विजारीवर आंखलेली होती. विजार गुडघ्याशीं थांबली तर मूल, घोट्यापर्यंत पोहोंचली तर पुरुष, असा तो सरळ हिशेब होता. परंतु त्याचा आरंभ मात्र नेमका उलटा झाला.

इंग्रजांच्या वसाहतींच्या काळीं लहान मुलगा व मुलगी या दोघांनाही झगाच घालीत असत. चार ते सात वर्षांच्या सुमारास मुलाचा झगा उतरे आणि बापासारखीच गुडघ्याशीं आवळलेली तंग विजार त्याच्या अंगावर चढे. मुलगा म्हणजे लहान आकाराचा पुरुष, ही त्यामागील समजूत होती. लॉक या तत्त्ववेत्त्यानें १६९३ मध्यें व रूसोनें १७६२ मध्यें मुलांना आवळलेल्या कपड्यांतून मोकळें करण्याचा पुरस्कार केला होता. १७८० च्या सुमारास त्या विचाराला पोषाखांत रूप आलें. आंखूड बंडीला गुंड्यांनीं जोडलेली, घोट्यापर्यंत लांब व सैल अशी विजार प्रथम इंग्लंडांत व मागोमाग अमेरिकेंत मुलांना घालूं लागले. तोंवर लांब विजार हें खलाशांचें व मजुरांचें वस्त्र होतें. म्हणजे सभ्य गृहस्थ स्वतः आंखूड विजारींत आणि त्याचा पांच वर्षांचा मुलगा लांब विजारींत, असें दृश्य कित्येक वर्षें घरोघर दिसत होतें. १८१७ ते १८२५ पर्यंत राष्ट्राध्यक्ष असलेले जेम्स मन्रो जुन्या तऱ्हेच्या गुडघ्यापर्यंतच्या विजारीच वापरीत. त्यांच्याभोंवतालची तरुण पिढी तोंवर लांब विजारींत वावरूं लागली होती.

लांब विजार पुरुषांनीं सर्वत्र पत्करल्यावर लहानमोठा भेद दाखविण्यास निराळें साधन हवें झालें. तें साधन म्हणजे कात्री. १८६० च्या सुमारास मुलांच्या विजारी गुडघ्याजवळ येऊन थांबूं लागल्या. त्यांतील सैल, चुणीदार व गुडघ्याखालीं पट्टीनें आवळलेल्या प्रकाराला 'निकरबॉकर' हें नांव पडलें. या नांवाची हकीकत गमतीची आहे. वॉशिंग्टन आयर्व्हिंग यानें १८०९ सालीं न्यूयॉर्कचा एक विनोदी इतिहास लिहून तो डीड्रिक निकरबॉकर नांवाच्या काल्पनिक डच म्हाताऱ्याच्या नांवावर खपविला. पुढें जॉर्ज क्रुईकशँक या इंग्रज चित्रकारानें त्यासाठीं चित्रें काढलीं. त्यांतील डच लोकांच्या ढगळ विजारी वाचकांच्या डोळ्यांत भरल्या आणि कल्पित लेखकाचें आडनांव खऱ्या विजारीला चिकटलें. मराठींत रूढ झालेला 'निकर' हा शब्द त्याच आडनांवाचा तुकडा आहे.

कपड्यांतील या फरकामागें समाजांतील एक मोठा फरक होता. सक्तीच्या शिक्षणाचा पहिला कायदा मॅसॅच्युसेट्स संस्थानानें १८५२ सालीं केला. १९१८ सालीं मिसिसिपीनें केला, तेव्हां एकही संस्थान त्यावांचून राहिलें नाहीं. मध्यमवर्गांतील मुलगा शेतावर किंवा दुकानांत न जातां शाळेंत जाऊं लागला. त्याचें बालपण लांबलें, आणि तितकी त्याची विजार आंखूड राहण्याची मुदतही लांबली. शिवण्याचें यंत्र आणि १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत सैनिकांच्या गणवेशांसाठीं ठरलेलीं मापें यांमुळें तयार कपड्यांचा धंदा फोफावला होता. त्यामुळें शहरांतील तऱ्हा टपालानें माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांच्या सूचिपत्रांतून खेडोपाडीं पोहोंचूं लागली.

मुलाला काय शोभतें हें या काळांत आईच ठरवीत असे. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट या लेखिकेची 'लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय' ही कादंबरी १८८५-८६ मध्यें एका बालमासिकांतून प्रसिद्ध झाली. तिच्यांतील बालनायकाचा काळा मखमली पोषाख, गुडघ्यापर्यंतची विजार, जाळीदार रुंद कॉलर व खांद्यावर रुळणारे कुरळे केंस रेजिनाल्ड बर्च यानें चितारले आणि अमेरिकेंतील असंख्य मातांना तोच आपला मुलगा वाटूं लागला. मुलांना मात्र तो पोषाख म्हणजे शिक्षा वाटे. ज्याच्यावरून नायक रंगविला, तो लेखिकेचा मुलगा व्हिव्हियन याला ती ओळख जन्मभर चिकटली. १९३७ सालीं बुडणाऱ्या होडींतील माणसांना वांचविण्याच्या श्रमानंतर त्याचा अंत झाला, तेव्हांही वर्तमानपत्रांनीं त्याचा उल्लेख मूळ फॉन्टलरॉय असाच केला.

परंतु आंखूड विजारीनें दिलेलें बालपणाचें आश्वासन सर्व मुलांच्या वांट्यास आलें नाहीं. १९०८ पासून लुईस हाईन या छायाचित्रकारानें बालमजुरीविरुद्ध झटणाऱ्या राष्ट्रीय समितीसाठीं देशभर हिंडून छायाचित्रें घेतलीं. सूतगिरण्यांत चात्यांच्या रांगांपुढें आणि रस्त्यांवर वर्तमानपत्रें विकतांना उभीं असलेलीं मुलें त्यांत दिसतात. त्यांतील पुष्कळांच्या विजारी गुडघ्याशींच थांबलेल्या आहेत. कपडा सांगतो कीं हें मूल आहे. यंत्र सांगतें कीं हा मजूर आहे. या दोन साक्षींतील विरोध मिटविणारा देशव्यापी कायदा १९३८ सालीं झाला.

विसाव्या शतकाचीं पहिलीं तीस वर्षें हा निकरबॉकरचा भरभराटीचा काळ होय. जाड लोंकरीच्या किंवा कॉर्डरॉयच्या त्या विजारी, खालीं लांब पायमोजे, आणि ते मोजे सदा घसरून घोट्यांशीं गोळा झालेले, ही त्या पिढीची खूण होती. कॉर्डरॉयची विजार चालतांना मांड्यांवर घांसून आवाज करी. त्यामुळें वर्गांत चोरपावलांनीं शिरणें अशक्य होई. आयांना ही विजार सोयीची होती, कारण पाय ढगळ असल्यानें मुलगा दोन बोटें वाढला तरी ती लगेच तोकडी दिसत नसे. तेराचौदा वर्षांच्या पुढें केव्हांतरी पहिली लांब विजार मिळे, आणि तो दिवस व्रतबंधासारखा संस्कारच ठरे. ज्याच्या सोबत्यांना ती मिळाली व त्याला मिळाली नाहीं, त्याच्या मनाला तें अतिशय लागे.

१९३० नंतर मंदीच्या काळांत नोकऱ्या नसल्यामुळें थोरले मुलगे मोठ्या संख्येनें हायस्कुलांत राहिले. त्यांचें पाहून धाकटेही लांब विजार मागूं लागले. १९४० च्या सुमारास निकरबॉकर जवळजवळ नाहींसा झाला. आतां लांबीवरून वय कळेनासें झालें. पण विजारीवरील वाद मात्र संपला नाहीं. तो लांबीवरून घेरावर गेला.

या वादानें १९४३ सालीं अत्यंत कुरूप वळण घेतलें. मेक्सिकन वंशाच्या व निग्रो तरुणांत गुडघ्याशीं फार ढगळ आणि घोट्याशीं चिंचोळी अशी 'झूट' विजार रूढ झाली होती. युद्धामुळें १९४२ पासून लोंकरीच्या कापडावर निर्बंध होते. म्हणून असा सैल पोषाख देशद्रोहाचा मानला गेला. जूनमध्यें लॉस एंजेलिस शहरांत खलाशी व सैनिक यांनीं टोळ्या करून अशा मुलांना रस्त्यांत, सिनेमागृहांत गांठलें, मारलें आणि त्यांचे कपडे उतरवून घेतले. पोलिसांनीं पकडले ते बहुतेक मार खाल्लेलेच. नगरपरिषदेनें तो पोषाख बंद करण्याचा ठराव केला. विजार हें निमित्त होतें. रोष माणसांवर होता.

पुढील कथा थोडक्यांत सांगतां येते. जेकब डेव्हिस हा शिंपी व लीव्हाय स्ट्रॉस हा व्यापारी यांनीं १८७३ सालीं रिव्हेटांनीं मजबूत केलेल्या मजुरांच्या विजारीचें पेटंट घेतलें होतें. तीच जीनची विजार १९५० नंतर शाळकरी मुलांनीं उचलली. १९५३ व १९५५ मधील दोन चित्रपटांत बंडखोर तरुणांच्या अंगावर ती दिसली, आणि अनेक शाळांनीं तिला बंदी केली. कालांतरानें तीच सर्वांची विजार झाली. फ्लोरिडांतील ओपा-लोका गांवानें २००७ सालीं सार्वजनिक जागीं कंबरेखालीं घसरलेल्या विजारीला मनाई केली आणि २०२० सालीं ती मनाई रद्द केली.

अडीचशें वर्षांत मुलाची विजार लांब झाली, आंखूड झाली, पुन्हां लांब झाली, सैल झाली आणि घसरलीही. प्रत्येक वेळीं मोठ्यांना वाटलें कीं प्रश्न शिष्टाचाराचा आहे. खरा प्रश्न इतकाच होता कीं, मुलाचें बालपण केव्हां संपावें आणि तें कोणी ठरवावें. आईनें, व्यापाऱ्यानें, शाळेनें व सरकारनें त्याचीं उत्तरें आळीपाळीनें दिलीं. जें उत्तर टिकलें, तें बहुधा मुलांनींच दिलेलें होतें.