दूध तोडणारी : 'फातिमा' या नावाची कुळकथा

आई तान्ह्या मुलाला अंगावर पाजणे बंद करते, तेव्हा आपण म्हणतो, 'बाळाचे दूध तोडले.' अरबी भाषाही या प्रसंगाला तोडण्याचीच क्रिया वापरते. 'फ-त-म' या धातूचा मूळ अर्थ तोडणे. त्यावरून 'फिताम' म्हणजे दूध तोडणे, आणि 'फातिमा' म्हणजे दूध तोडणारी. नाव मुलीचे, अर्थ आईचा!

दूध तुटेपर्यंत मूल जगणे हेच जिथे मोठे भाग्य होते, तिथे या नावात आशीर्वाद दिसतो : ही मोठी होवो, आई होवो, हिची मुलेही त्या वयापर्यंत पोचोत. मूल जगावे म्हणून धोंडू, दगडू अशी नावे ठेवणाऱ्या आपल्या समाजाला ही भावना परकी नाही.

नाव इस्लामपूर्व काळातले आहे. सहाव्या शतकातील कवी इम्रुल कैस याने आपल्या गाजलेल्या कसीद्यात एका फातिमेला साद घातली आहे. प्रेषित मुहम्मदांच्या आजीचे नाव फातिमा होते आणि त्यांचे जावई अली यांच्या आईचेही. कुराणात मात्र हे नाव येत नाही. तिथे नावानिशी उल्लेख असलेली स्त्री एकच, मरियम. 'फातिमा'ला पावित्र्य लाभले ते प्रेषितांच्या कन्येमुळे. हसन-हुसेन यांची ही आई वडिलांमागे काही महिन्यांतच, इ.स. 632 मध्ये निवर्तली. शिया परंपरेने नावाचा अर्थ पुढे नेला : अनुयायांचा नरकाग्नीशी संबंध तोडणारी ती फातिमा. तिचे वंशज म्हणवणाऱ्या फातिमी खलिफांनी 909 ते 1171 या काळात राज्य केले आणि कैरो शहर वसवले.

मुस्लिम सत्तेबरोबर हे नाव पोर्तुगालमध्येही पोचले. सत्ता गेली, पण एका खेड्याचे नाव फातिमा राहिले. 1917 मध्ये तिथल्या तीन गुराखी मुलांनी मेरीमातेचे दर्शन झाल्याचे सांगितले आणि ते खेडे कॅथलिकांचे तीर्थक्षेत्र झाले. पुढे ही भक्ती गोव्यात आली, आणि ख्रिस्ती घरांतल्या मुलीही फातिमा झाल्या. गोवेकर जिला 'फातिमा सायबीण' म्हणतात, तिच्या नावातला दुसरा शब्दही अरबी 'साहिब'वरूनच आलेला. नावावरून धर्म ओळखण्याची आपली सवय इथे फसते.

पुण्याच्या इतिहासात हे नाव सावित्रीबाई फुल्यांच्या एका पत्रात भेटते. 10 ऑक्टोबर 1856 रोजी माहेरून, आजारपणात, त्या जोतीरावांना लिहितात : आपल्या गैरहजेरीत फातिमेला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. शाळेच्या कामात सोबत करणाऱ्या फातिमा शेख त्या याच. पत्रात ना विशेषण, ना गौरव. आहे ती सहकारणीच्या वाट्याला आलेल्या कष्टांची जाणीव. या नावाची आपल्याकडची मिरास मोजायची, तर मला ती तिथून मोजावीशी वाटते.