गणती माणसांची, हिशेब कोयत्यांचा

रोजगाराची मोजणी करावयाची तर प्रथम काम करणारा कोणास म्हणावे, हे ठरवावे लागते. ज्या समाजात बहुसंख्य माणसे पगारपत्रकावर असतात तेथे हा प्रश्न सोपा. परंतु बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावाच्या परिसरात तो तसा नाही. येथील शेती पुष्कळ अंशी पावसावर अवलंबून. एकच व्यक्ती मृगात स्वतःच्या रानात पेरते, भाद्रपदात दुसऱ्याच्या शेतात खुरपते आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी घराबाहेर पडते. तिला कोणत्या रकान्यात बसवावयाचे, याचे उत्तर शासनाने निरनिराळ्या काळी निरनिराळे दिले. त्या उत्तरांचा इतिहास म्हणजेच एका अर्थी येथील रोजगाराच्या आकड्यांचा इतिहास होय.

1951 ची खानेसुमारी झाली तेव्हा बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या गणतीत माणसांचे स्वावलंबी, मिळवते अवलंबित आणि न मिळवते अवलंबित असे तीन वर्ग करण्यात आले. कसोटी श्रमाची नसून मिळकतीची होती. त्यामुळे घरच्या शेतात दिवसभर राबणारी, पण हाती स्वतंत्र पैसा न येणारी स्त्री तिसऱ्या वर्गात जाण्याचा संभव मोठा होता. 1961 मध्ये, जिल्हा महाराष्ट्रात आल्यानंतर, कसोटी पालटली. हंगामाच्या बहुतेक काळात रोज एका तासाहून अधिक नियमित काम करणारी व्यक्ती 'कामकरी' ठरली. 1971 मध्ये मुख्य व्यवसाय कोणता, असा प्रश्न आला आणि 'घरकाम' हे उत्तर मिळताच अनेक स्त्रिया कामकऱ्यांच्या यादीतून बाहेर पडल्या. देशातील कामकरी स्त्रियांचे प्रमाण दहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले. खुरपी थांबली नव्हती. प्रश्न बदलला होता. म्हणून 1981 पासून वर्षातील 183 दिवसांची मर्यादा घालून मुख्य व सीमांतिक असे कामकऱ्यांचे दोन भाग करण्यात आले, आणि 1991 च्या प्रश्नात घरच्या शेतावरील वा धंद्यातील बिनमोबदला कामाचा स्पष्ट उल्लेख करण्यात आला.

याच सुमारास अर्थशास्त्रज्ञांनाही ही अडचण जाणवली होती. प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने 1970 च्या अहवालात देशातील बेकारीचा एकच सरसकट आकडा सांगण्याची पद्धत अग्राह्य ठरविली. त्यानंतर राष्ट्रीय नमुना पाहणीने 1972-73 च्या फेरीत वर्षाची सर्वसाधारण स्थिती, आठवड्याची स्थिती आणि दिवसाची स्थिती अशी तिहेरी मोजपट्टी स्वीकारली. आठवड्याच्या मापात एक तासाचे कामही पुरते; दिवसाच्या मापात अर्धा दिवसही वेगळा धरला जातो. एकच मजूर एका मापाने कामकरी आणि दुसऱ्या मापाने काही दिवस बेकार ठरतो. तिन्ही आकडे खरे असू शकतात.

शासन स्वतः काम देऊ लागले तेव्हा आणखी एक एकक आले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने 1965 मध्ये तासगाव तालुक्यात झालेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना साकार झाली. 1972 च्या दुष्काळाने तिची निकड पटविली, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला. या योजनेचे फळ मनुष्यदिवसांत सांगितले जाते. परंतु शंभर मनुष्यदिवस म्हणजे शंभर माणसांचा एक दिवस की एका माणसाचे शंभर दिवस, हे त्या आकड्यावरून कळत नाही. 'रोजगारनिर्मिती' या भारदस्त शब्दाखाली हा भेद सहज झाकला जातो.

या सर्व मापांहून निराळे असे एक माप लोकव्यवहारात रूढ आहे. ऊसतोडीच्या धंद्यात मुकादम माणसे मोजीत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल कोयत्यावर दिली जाते आणि तोडीचा हिशेबही कोयत्यावरच होतो. शासकीय मोजणीचा पाया व्यक्ती हा आहे, धंद्याचा पाया जोडी हा आहे. जोडीच्या नावाने आलेली उचल सामान्यतः पुरुषाच्या हाती पडते. पहाटेपासून मोळ्या बांधणाऱ्या स्त्रीचे श्रम कोयत्यात धरलेले असतात, पण तिची मजुरी वेगळी निघत नाही. अशा स्त्रीला 'तुमचे उत्पन्न किती?' असे विचारले तर ती काय सांगणार?

यात कालगणनेचाही घोळ आहे. साखर कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. 1971 चा अपवाद सोडता 1951 ते 2011 या काळातील गणत्या फेब्रुवारीत झाल्या. म्हणजे ज्या वेळी प्रगणक गावात येतो त्याच वेळी तोडणारे कुटुंब पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील फडात असते. मोजले गेलेच तर ते तेथे, कोपीत मोजले जाते. 2027 च्या गणतीचा संदर्भदिनही 1 मार्च हाच ठरला आहे.

यावरून आकडे निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. आकडा हे एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्न न पाहता उत्तरांची तुलना करणाऱ्यास 1961 व 1971 या वर्षांमध्ये एक अघटित घडल्याचा भास होतो. अभ्यासकाने प्रथम त्या त्या वर्षीची प्रश्नावली वाचावी, मग तक्ता. आणि ज्या शब्दांत लोक आपल्या कामाचा हिशेब करतात ते शब्दही त्याने टिपून घ्यावेत. कारण कोयता या एका शब्दात जी दोन माणसे आहेत, त्यांतील एक तक्त्यातून अनेकदा निसटलेली आहे.