हवामान बदलाचा धोका आणि तयारी: देशांची तुलना कशी होते? दहिसर नदीवरून समजून घेऊया

दहिसर : जून लागला की नदीकाठच्या घरांत दोन प्रश्न असतातच. यंदा पाणी किती चढेल? आणि चढलं तर आपली सोय काय? जगातल्या देशांची हवामान बदलाबाबत तुलना करतानाही हेच दोन प्रश्न विचारले जातात. अशी यादी बातम्यांत आली की आपण भारताचा क्रमांक बघून पुढे जातो. तो क्रमांक येतो कुठून, आणि आपल्या गावाला, प्रभागाला त्याचा उपयोग काय, याची ही माहिती.

निर्देशांक कोणाचा?

अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठ 'एनडी-गेन' नावाचा निर्देशांक काढते. त्यात १८० हून अधिक देश असून १९९५ पासूनची आकडेवारी वापरली जाते. प्रत्येक देशाला दोन वेगळे गुण मिळतात, एक धोक्याचा आणि एक तयारीचा.

धोका कसा मोजतात?

अन्न, पाणी, आरोग्य, निसर्गसंपदा, वस्ती आणि पायाभूत सुविधा ही सहा क्षेत्रे. प्रत्येक क्षेत्रात तीन गोष्टी पाहतात : संकट किती येणार, आलं तर किती लोकांना झळ बसणार आणि ती सोसायची ताकद किती. असे एकूण ३६ निकष आहेत.

तयारी म्हणजे काय?

इथे बरेच जण गोंधळतात. बोटी, पंप, निवारे म्हणजे या यादीतली 'तयारी' नव्हे. मदतीचा किंवा गुंतवणुकीचा पैसा आला तर तो नीट कामी लागेल का, हे इथे बघतात. त्यासाठी आर्थिक वातावरण, कारभार आणि समाज अशा तीन बाजूंचे नऊ निकष आहेत. भ्रष्टाचारावर नियंत्रण, कायद्याचं राज्य, शिक्षण, विषमता हे सगळं त्यात येतं.

हिशेब सोपा आहे. दोन्ही गुण शून्य ते एकच्या दरम्यान असतात. तयारीतून धोका वजा करायचा, त्यात एक मिळवायचा आणि ५० ने गुणायचं. समजा तयारी ०.४ आणि धोका ०.५ असेल, तर गुण ४५. दोन्ही सारखे असतील तर ५०. नॉर्वेसारखे देश वरच्या टोकाला आणि आफ्रिकेतील चाड तळाला दिसतो. भारत यादीच्या खालच्या अर्ध्या भागात येतो.

दहिसरला लावून पाहू

दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावते. श्रीकृष्ण नगर, दौलत नगर, कांदरपाडा, दहिसर गावठाण असा साधारण १२ किलोमीटरचा प्रवास करून ती मनोरी खाडीला मिळते.

मुसळधार पाऊस आणि त्याच वेळी खाडीची भरती हे इथलं संकट. भरती असली की पाणी बाहेर पडत नाही, मागे फुगतं. झळ बसते ती आवळलेल्या पात्रालगतच्या बैठ्या घरांना. वरच्या मजल्यावरच्या माणसाला तोच पाऊस फक्त खिडकीतून दिसतो. सोसायची ताकद म्हणजे साफ नाले, वेळेवर इशारा, रात्री उघडी मिळणारी शाळा आणि खाडीकाठची तिवरं. एकाच प्रभागात दोन घरांचे गुण किती वेगळे येतील, याचा अंदाज यावरून येतो.

सरासरीत काय हरवतं?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिमीही नव्हता. एकाच शहराची ही गत, तर देशाच्या एका आकड्यात काय काय झाकलं जात असेल! त्या वेळी मुंबईचे जुने नाले ताशी २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेले होते. ती क्षमता ५० मिमी करावी, ही ब्रिमस्टोवॅड अहवालाची शिफारस १९९३ ची. म्हणजे धोका कागदावर माहीत होता, काम मागे राहिलं होतं.

त्यानंतर बदल झाले. शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले. २०२० मध्ये पुराचा प्रभागवार अंदाज देणारी 'आय-फ्लोज मुंबई' यंत्रणा सुरू झाली. मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा आला.

ग्रामीण तालुक्यांतही हेच चित्र आहे. 'टेरी' संस्थेने राज्यासाठी केलेल्या अभ्यासात नंदुरबार सर्वाधिक धोक्याचा जिल्हा ठरला. पाऊस कुठे किती कमी-जास्त होईल एवढंच पाहून हा क्रम लागत नाही. लोकांची परिस्थिती आणि सोयीही त्यात धरतात.

तयारीने फरक पडतो का?

पडतो. बांगलादेश आजही जास्त धोक्याच्या देशांत आहे. १९७० च्या चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं गेली. पुढे गावोगावी स्वयंसेवक, इशारे आणि निवारे उभे राहिले. २०२० च्या 'अम्फान' वादळात तिथले मृत्यू काही दहांवर थांबले. समुद्र तोच, किनाराही तोच.

आपण काय विचारायचं?

पाऊस आपल्या हातात नाही. बाकीचं बरंच आहे. ग्रामसभेत किंवा प्रभाग कार्यालयात हे प्रश्न जरूर विचारा :

– पाणी शिरणाऱ्या घरांची यादी आहे का, कधी केली?
– इशारा शेवटच्या घरापर्यंत कोण पोहोचवणार?
– निवाऱ्याची जागा कोणती, किल्ली कोणाकडे?
– नालेसफाई आणि संरक्षक भिंतीवर किती खर्च झाला, काम कुठवर आलं?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असणं बंधनकारक आहे. तो बघायला मागा. अडचणीच्या वेळी मुंबईत महापालिकेचा १९१६ आणि जिल्ह्यांत १०७७ हे क्रमांक लक्षात ठेवा.